राहून गेलेला लाल शिक्का

मी एक वाळवलेला नमुना बोलतोय. असं म्हणतानाही अडखळायला होतं, कारण गेली एकतीस वर्षं मी एका जाड कागदावर पट्ट्यांनी बांधलेला आहे आणि या काळात मला कोणी काही विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी नीट सांगता आलं असतं की नाही, शंकाच आहे. माझ्या ज्या आठवणी आहेत त्यांतल्या काही खरोखर माझ्या असाव्यात, काही कपाटाच्या फटीतून ऐकलेल्या. कोणत्या कुठल्या, ते आता मला वेगळं काढता येत नाही.

माझ्या लेबलवर नाव आहे भुईआवळी. हातभर उंचीचं, कोणाच्या डोळ्यांत न भरणारं झुडूप. बारीक पानांच्या खाली ओळीने लटकलेली मोहरीएवढी फळं. मी उगवलो ते एका महाविद्यालयाच्या मागे, प्राण्यांच्या खोलीबाहेरच्या गटाराच्या काठाला. जागा काही अभिमानाने सांगावी अशी नाही. पिंजरे धुतलेलं पाणी तिथून जायचं, म्हणून आम्ही तिथे जोमाने वाढायचो.

त्या खोलीचे राजे होते उंदीरमामा. खोलीतल्या पांढऱ्या उंदरांना खायला घालणं, त्यांचे पिंजरे धुणं, त्यांची वजनं करणं आणि मेले की उचलणं हे त्यांचं काम. मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं आणि मामांनी ते बिनतक्रार वापरायला घेतलं होतं. फोन उचलला की स्वतःच म्हणायचे, "हां, उंदीरमामा बोलतोय."

एका सकाळी मामांबरोबर सर आले. सर म्हणजे तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. उंच, थोडे वाकलेले, खिशात तीन पेनं आणि एकाचंही टोपण जागेवर नाही. त्यांनी गुडघ्यावर बसून माझं पान उलटं केलं, भिंगातून फळांचे देठ पाहिले आणि म्हणाले, "हीच. मामा, हा सगळा पट्टा काढा."

"गवत काढायला एवढे शिकलेले लोक लागतात होय सर?"

"गवत नाही हो हे. लिव्हर वाचवतं म्हणतात."

"म्हणतात ना? मग आपण कशाला परत बघायचं?"

"म्हणतात म्हणूनच," सर म्हणाले.

माझ्या बाजूची सगळी झाडं पोत्यात गेली. सावलीत वाळवून, कुटून, त्यांचा अर्क व्हायचा होता. मला मात्र सरांनी मुळासकट हलक्या हाताने उपटलं आणि वेगळं ठेवलं. या लोकांची एक पद्धत आहे. ज्या झाडावर प्रयोग करायचा त्याचं एक रोप दाबून, वाळवून, कागदावर लावून कायमचं जपायचं. उद्या कोणी म्हटलं, तुम्ही भलतंच झाड वापरलंत, तर कपाट उघडून दाखवायचं. मी तो साक्षीदार. भावंडं कुटली गेली आणि मी एकटा कशासाठी वाचलो, तर साक्ष द्यायला. तेव्हा मला त्याचा थोडा गर्व झाला होता, हे कबूल करायला हवं.

टीपकागदांच्या थरांत मला आठ दिवस दाबून ठेवलं. मग कागदावर लावण्याआधी सरांनी मला एका पसरट ताटलीतल्या पाण्यासारख्या द्रवात बुडवलं. त्या स्पिरिटमध्ये पाऱ्याचा एक जहाल क्षार विरघळवलेला होता. सगळ्याच नमुन्यांना तो पाजतात, म्हणजे पुढे किडे शिवत नाहीत. लिव्हर वाचवणारं झाड टिकावं म्हणून ते विषात बुडवायचं, ही गोष्ट मला पुढे कित्येक वर्षं कळली नाही. कळली तेव्हा उपयोग नव्हता.

नियम असा की विष पाजलेल्या नमुन्याच्या प्रत्येक कागदावर, म्हणजे पत्रकावर, कोपऱ्यात लाल शिक्का मारायचा: 'विषारी'. शिक्के मारण्याचं काम संग्रह सांभाळणाऱ्या बाईंचं. त्या दिवशी बाई रजेवर होत्या. सरांनी खण उघडून शिक्का काढला, पॅडवर दाबला, कागदावर टेकवला. काही उमटलं नाही. पॅड कोरडं पडलं होतं. त्यांनी दोनदा दाबून पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, तासाला उशीर होत होता.

"उद्या मारू," ते स्वतःशीच म्हणाले आणि मला कपाटात ठेवलं. पत्रक क्रमांक चारशे बारा.

तो उद्या काही उजाडला नाही. कोणी मुद्दाम टाळला असं मी म्हणणार नाही. राहून गेलं. माणसांच्या आयुष्यात राहून गेलेल्या गोष्टींना कपाट नसतं, हाच काय तो फरक.

मग प्रयोग झाले. माझं कपाट त्याच मजल्यावर, बोळाच्या टोकाला होतं आणि दार नीट लागायचं नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. उंदरांच्या एका गटाला सात दिवस माझ्या भावंडांचा रस पाजायचे. आठव्या दिवशी कार्बन टेट्राक्लोराइड नावाचं गोडसर वासाचं रसायन टोचायचे. ते लिव्हर जाळतं. दुसऱ्या गटाला रस नाही, नुसतं विष. नंतर दोन्ही गटांची लिव्हर काढून पाहायची. रस प्यायलेल्यांची तांबूस, गुळगुळीत. न प्यायलेल्यांची फिकट, डागाळलेली. सरांचा लेख छापून आला. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत माझा क्रमांक होता.

मामा लेखाचं पान घेऊन बोळातून फिरले. "चारशे बारा! आपलाच आहे तो. माझ्या गटाराचा."

सर त्यानंतर दर वर्षी नव्या मुलांना माझं पत्रक दाखवायचे. मामा मागे दाराशी उभे असायचे. सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "बाजारातल्या पुडीत काय असेल ते देव जाणे. ज्या झाडावर आम्ही काम केलं ते हे. शंका आली तर बाजारात जाऊ नका, कपाट उघडा." वीस वर्षं मुलं हे ऐकून विसरली. मामा विसरले नाहीत.

या वीस वर्षांत उंदीर बदलत गेले, पण ती गोड वासाची बाटली तीच राहिली. ती उघडायची ती मामांनी. काचेच्या कपाटाआड, वर पंखा लावून, अशी सूचना भिंतीवर होती. पंखा तिसऱ्या वर्षी बंद पडला. अर्ज गेला. अर्जाची आठवण गेली. मग आठवण करून देणारेही निवृत्त झाले. नळ्यांना चिकटलेली चरबी त्या द्रवाने छान निघते हे मामांनी शोधून काढलं होतं आणि फडकं त्यात भिजवून ते नळ्या पुसत गुणगुणत बसायचे. हातमोजे फाटल्यावर नवे मागायची त्यांना लाज वाटायची. म्हणायचे, "उंदरांनी कधी मागितले का?"

एका कोरड्या महिन्यात मामा सरांच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. सरांचं टेबल माझ्या कपाटाला लागूनच होतं. मामांचे डोळे पिवळे झाले होते. हात बारीक आणि पोट मात्र पुढे आलेलं.

"सर, माझं लिव्हर गेलंय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर. म्हणाले, आता दुसऱ्याचं बसवावं लागेल आणि त्याला मोठी रांग आहे. दारू किती पिता विचारलं. म्हटलं, साहेब, मी चहासुद्धा अर्धा कप पितो. तर विश्वास नाही ठेवला."

सरांची नजर बोळापलीकडच्या त्या खोलीकडे गेली आणि लगेच परत आली.

"सर, भुईआवळी चालेल का?"

सरांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला. "मामा, आपण आधी देत होतो. विषाच्या सात दिवस आधी. नंतर दिली तर काय होतं, ते आपण बघितलेलं नाही."

"बघितलं होतं की."

"कधी?"

"सहा उंदीर होते. खिडकीजवळच्या पिंजऱ्यातले. त्यांना विष आधी दिलं होतं, रस मागून. सगळे गेले. मीच उचलले ना. तुम्ही म्हणालात, गट लहान आहे, धरायचा नाही."

"गट लहानच होता," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता.

"तेच म्हणतोय मी. सहा उंदरांवरून काय ठरतंय?" मामा हसले. "आणि मी काही उंदीर नाही, सर. नुसतं नाव आहे माझं."

सरही हसायचा प्रयत्न करत होते. तो काही जमला नाही. "ताजी मिळाली तर बघतो," ते म्हणाले. बाहेर गटाराचा काठ वाळून खडखडीत झाला होता. आम्ही ओल्या दिवसांत येतो आणि कोरड्यात नावालाही उरत नाही, हे त्या दोघांइतकं कोणाला माहीत होतं? मामांनी मान हलवली आणि गेले. ते त्या बोळातून चालत गेलेले मी शेवटचे ऐकले. एक पाय घासत होता.

तीन आठवड्यांनी मामी आल्या. मामांची बायको. कपडे शिवायचं काम करायच्या, पदराला दोन सुया टोचलेल्या तशाच राहिल्या होत्या. मामा आता उठत नव्हते. अंगाला इतकी खाज सुटायची की मामी त्यांच्या हातांना मोजे शिवून घालत होत्या.

"सर, त्यांनी पाठवलंय. म्हणाले, बाजारातलं आणू नको, सरांच्या कपाटातलं चारशे बारा आण. खरं आहे ते तेच म्हणे."

सरांनी मान खाली घातली. "वहिनी, त्यातलं देता येत नाही."

"एक काडी पुरे."

"नमुना मोडायचा नसतो. नियम आहे तसा."

इथे मी थांबतो. या एका क्षणावर मी जेवढा विचार केला आहे तेवढा कशावर केला नसेल. सरांना खरं कारण माहीत होतं. कपाटातला प्रत्येक नमुना विषात बुडवलेला असतो हे ते झोपेतही सांगू शकले असते. मग त्यांनी कारण न सांगता नियम का सांगितला? मला वाटतं, खरं कारण त्यांना सांगण्यासारखंच वाटलं नसावं. वाळलेल्या पत्रकातलं पान कोणी खाईल, हे त्यांच्या जगात बसत नव्हतं. शिकलेल्या माणसाला सवय असते, समोरचा नियमापाशी थांबेल असं धरून चालायची. आणि नियम मोडला तर काय मोडतं? फार तर एक नमुना. किंवा असंही असेल की सरांना मामींच्या डोळ्यांकडे बघून दोन वाक्यं बोलणं अवघड होतं आणि एक वाक्य सोपं होतं. मी खात्रीने काहीच सांगू शकत नाही.

तासाची घंटा झाली. "मी जाऊन येतो, तुम्ही बसा. पाणी आहे तिथे," असं म्हणून सर गेले. किल्ली कपाटालाच होती.

मामी थोडा वेळ खरंच बसल्या. मग उठल्या, दार उघडलं. त्या पत्रकं एकेक करून, हात पुसून, कडेला धरून उचलत होत्या. कपड्याची घडी उलटावी तशी. माझ्या आधीची पत्रकं आली. "हं. लाल शिक्का असेल तर हात लावू नको, हे म्हणाले होते." चारशे दहा, चारशे अकरा. सगळ्यांवर शिक्का. मग मी आलो. त्यांनी मला उजेडात नेलं. चारही कोपरे पाहिले. उलटा करून पाठ पाहिली.

"यांच्यावर आहे. तुझ्यावर नाही," मामी हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला. इतका उजळलेला चेहरा त्या खोलीत मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "म्हणजे तुला खायचा म्हणूनच ठेवलाय की काय! आणि हे सर मला नियम सांगतायत."

मला ओरडावंसं वाटलं, असं म्हणणं सोपं आहे. पण तेव्हा मला तरी कुठे पुरतं ठाऊक होतं, माझ्यात काय मुरलंय ते? मला तर वाटलं, अखेर माझी पाळी आली. भावंडांनी उंदीर वाचवले, मी माणूस वाचवीन. मी खुशीत होतो. हेच मला स्वतःला माफ करता येत नाही.

पदराची सुई काढून मामींनी एक पट्टी उसवली, डावीकडची खालची फांदी अलगद मोडली आणि रुमालात बांधली. "माफ कर हं," असं मला म्हणून त्यांनी पट्टी परत दाबून बसवली. इतकी नीट की कोणाला कळलं नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. जे आहे ते मामींच्या तोंडून ऐकलेलं. पंधरा दिवसांनी त्या मामांचा कामावरचा झगा आणि प्राण्यांच्या खोलीच्या किल्ल्या परत करायला आल्या. झगा इस्त्री केलेला होता.

"सर, एक सांगायचंय. मी तुमच्याकडे चोरी केली."

"कसली चोरी?"

"त्या कपाटातली एक फांदी नेली. तुम्ही नको म्हणाला होतात तरी. तीन वेळा उकळून दिली. एवढीएवढीच. पहिल्या घोटाला म्हणाले, मला वाटलं कडू असेल, ही तर पत्र्यासारखी लागते. जिभेवर पत्रा ठेवल्यासारखी. मग उलट्या सुरू झाल्या. म्हणाले, विष बाहेर पडतंय, दे अजून. पाचव्या दिवशी लघवी बंद झाली." त्या थांबल्या. "शिक्का नव्हता, सर. मी नीट बघितलं. बाकी सगळ्यांवर होता."

सर उठले. कपाट उघडलं. चारशे बारा बाहेर काढलं. त्यांनी कोपरा पाहिला. मोकळा. वीस वर्षांपूर्वी कोरड्या पॅडने उमटवलेला, न दिसणारा एक चौकोनी दाब तेवढा होता. तिरका धरला तरच कळणारा. त्यांनी मला तिरका धरला.

"तुम्ही रागावलात?" मामींनी विचारलं. "नमुना मोडला म्हणून?"

"नाही, नाही."

"मला एकच विचारायचं होतं. हाच काढा मी आधी दिला असता, डोळे पिवळे झाले तेव्हाच, तर वाचले असते का हो?"

बाहेर कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. खरं बोलायला त्यांच्याकडे तेवढाच वेळ होता.

"आधी द्यायला हवा होता," सर म्हणाले.

मामींनी मान डोलावली. "मलाही तेच वाटत होतं. माझ्याच हातून उशीर झाला." पदर सारखा करून त्या निघाल्या. बोळाच्या मध्यावर पोहोचल्या असतील, तेव्हा सर दारापर्यंत धावले.

"वहिनी!"

त्या वळल्या.

"तुमची पिशवी राहिली," सर म्हणाले.

पिशवी रिकामीच होती. मामी परत आल्या, ती घेतली आणि गेल्या.

त्या दुपारी सरांनी खणातून शिक्का काढला. पॅडवर शाई ओतली, फार ओतली, टेबलावर सांडली. मग माझ्यावर तीनदा शिक्का मारला. विषारी, विषारी, विषारी. तिसरा माझ्या पानावरच पडला. शिक्क्याखाली तारीख घालायची असते. पेन टेकवून ते बराच वेळ बसले. आजची तारीख घालावी तर सगळं उघड होत होतं, जुनी घालावी तर खोटं. त्यांनी जागा मोकळी ठेवली. अजून मोकळीच आहे.

त्यानंतर 'कपाट उघडा' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी येऊन त्यांनी माझा तुटलेला भाग बोटाने चाचपला, मग बेसिनशी जाऊन हात धुतले. पुसले, आणि पुन्हा धुतले.

मामांना मी मारलं का? डॉक्टरांनी तर आधीच हात टेकले होते. फांदीत विष किती उरलं होतं, ते कोणी मोजलं नाही. मी एका सिद्ध गोष्टीचा पुरावा आहे, पण या गोष्टीचा पुरावा कुठल्याच कागदावर नाही. कधी वाटतं, ते तसेही गेले असते. कधी वाटतं, 'तसेही' हा शब्द फार सोयीचा आहे. आणि मामी? त्या कुठेतरी सुईत दोरा ओवत असतील आणि उशीर आपणच केला असं समजत असतील. त्यांना खरं सांगू शकणारा एकच माणूस होता. तोही आता नाही.

हल्ली आमचे फोटो काढून ठेवतात. मागच्या महिन्यात माझाही काढला. कॅमेरा लावणारी मुलगी म्हणाली, "अरे, याची एक फांदी गायब आहे."

"किड्यांनी खाल्ली असेल," दुसरी म्हणाली.

मला किडे खात नाहीत. त्याचसाठी तर सगळं केलं होतं. पण तिने तसं लिहून टाकलं.

तुमच्याकडे मागावं असं माझं फारसं काही नाही. मला बरं करणारा समजू नका. मी ते कधी होतो की नाही, मलाच ठाऊक नाही. आणि माझा कागद कधी तुमच्या हातात आलाच, तर जेवायला बसण्याआधी हात धुवा. कोणी का म्हणून विचारलं, तर नियम आहे असं सांगू नका. कारण सांगा.